शिंगं असलेली मादी

आजच्या वाचनात आदिपर्वातली पंडू राजा आणि किंदम ऋषींची गोष्ट होती. जोडीत रमलेल्या हरणावर पंडूने बाण सोडला, हरणाच्या रूपात ऋषी निघाले, शाप मिळाला. एवढं सगळ्यांना माहीत असतं. मधला संवाद मात्र आपण गाळतो.

पंडू म्हणतो, शिकार हा राजाचा धर्म आहे, अगस्त्यांनीसुद्धा मृगया केली. किंदम ते नाकारत नाहीत. उलट सांगतात की तू मला ओळखलं नाहीस, म्हणून ब्रह्महत्येचं पाप तुला लागणार नाही. शाप वेगळ्याच गोष्टीचा आहे. ती जोडी कोणत्या अवस्थेत होती हे तुला दिसत होतं, तरी तू थांबला नाहीस.

म्हणजे न कळलेलं माफ, दिसलेलं नाही.

अमेरिकेतल्या शिकारीच्या नियमात हाच पेच आहे. तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांत शिंगं नराला असतात, पण हार्मोन्समुळे क्वचित एखाद्या मादीलाही येतात. परवाने शिंगवाल्या आणि बिनशिंगी हरणांचे वेगळे. न्यूयॉर्क राज्यात एक शिंग किमान 3 इंच असलं की हरीण 'शिंगवालं', मग ती मादी का असेना. मला हे न्याय्य वाटतं. शिकाऱ्याला लांबून शिंगच दिसणार ना! पण तिच्यामागे पाडस उभं होतं का, हे परवाना विचारत नाही. किंदमांनी तेच विचारलं असतं.

आपल्या धाराशिवकडे शिंगांचा हिशोब चाललाच नसता. काळविटाची मादी बहुतेक बिनशिंगी, तर चिंकाऱ्याच्या मादीलाही बारीक शिंगं. ब्रिटिशांच्या 1912 च्या कायद्यात फक्त माद्यांपुरतीही शिकारबंदी करता यायची (आपण तेव्हा निजामाकडे, तो भाग वेगळा). 1972 च्या वन्यजीव कायद्याने नर-मादी हा प्रश्नच मिटवला. काळवीट, चिंकारा दोन्ही अनुसूची 1 मध्ये. फास लावणं, मारायचा प्रयत्न करणं, हीसुद्धा शिकारच. पीक खाल्लं म्हणून मारायची परवानगी नाही. वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करायचा.

आता ईटच्या शेतकऱ्याचं बघा. हरभऱ्याचे कोवळे शेंडे एका रात्रीत साफ होतात. मग कुणीतरी कुंपणाच्या तारेत थेट करंट सोडतो. तारेला चिकटलं ते हरीण होतं, गाभण मादी होती की शेजारचा माणूस, 'मला काय माहीत?' किंदमांची माफी इथे लागू होते का? मला नाही वाटत. पंडूला खरंच कळलं नव्हतं. इथे आपल्याला बघावंच लागू नये अशी सोय आपणच केलेली असते.

पुण्यात बसून हे म्हणणं सोपं आहे, कबूल. काल फोनवर तात्यांना, म्हणजे ईटच्या चुलत्यांना, हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आरं, आधी हरभऱ्यात राखणीला ये, मग सांग मला आदिपर्व."

शनिवारी रात्रीच्या एसटीने निघतोय.