करणं, करवणं आणि ‘हो’ म्हणणं

उद्यमबागेतल्या एखाद्या शॉपमध्ये पॉवर प्रेस पाहिला असेल, तर त्याची दोन बटणंही तुम्हाला ठाऊक असतील. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. कारण साधं आहे. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे एकही हात डायखाली नसतो. पण घाईच्या दिवसांत कुणीतरी एका बटणात लाकडाची चिपटी ठोकून ठेवतो. काम भराभर होतं. बहुतेक दिवशी काही होतही नाही.

फाउंड्री आणि हायड्रॉलिकच्या या कारखान्यांच्या ऑफिसांत आता आपल्या घरांतल्या मुली-सुनाही बसतात, स्टॉकचे, बिलांचे प्रोग्रॅम सांभाळतात. २०२५ पासून त्यांच्या हाताशी नवा मदतनीस आलाय. क्लॉड कोड, कोडेक्स, जेमिनी सीएलआय अशी त्याची नावं. कॉम्प्युटरवर एक साधी अक्षरांची खिडकी उघडायची, तिला कमांड लाइन म्हणतात. तिथं आपल्या भाषेत काम सांगायचं. मदतनीस फायली वाचतो, बदलतो, पुसतोसुद्धा. महत्त्वाचं पाऊल टाकण्याआधी विचारतो, ‘हे करू का?’ आपण ‘हो’ म्हणतो. पहिले दहा ‘हो’ वाचून, पुढचे न वाचता. मग कंटाळून ‘आता काही विचारूच नकोस’ ही सोय चालू करतो. क्लॉड कोडमध्ये त्या सोयीच्या नावातच ‘डेंजरसली’, म्हणजे धोकादायक रीतीने, असा शब्द घातलाय. बटणातली चिपटी ती हीच.

आता कामगारांच्या हजेरीची फाईल उडाली, तर केलं कुणी? ‘मी कुठं काय केलं, त्या मशीननं केलं,’ असं म्हणणं सोपं आहे. आपल्या शास्त्रात मात्र ही पळवाट फार पूर्वीच बंद करून ठेवली आहे. कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसरा करताना ‘बरं आहे’ म्हटलेलं. तिन्हींनी कर्मबंध होतो. जपमाळेचे १०८ मणी मोजताना याच तिन्हींचा हिशेब त्यात असतो: संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन, मन, वचन, काया हे तीन, कृत, कारित, अनुमोदित हे तीन आणि चार कषाय, यांचा गुणाकार. काम टाइप करून सांगणं हे करवणं झालं. न वाचता दाबलेला ‘हो’ ही अनुमोदना झाली.

कुणी म्हणेल, यंत्र तर अजीव. विळीनं बोट कापलं तर विळीला कोण बोल लावतं? बरोबर. पण विळी पुढचं पाऊल स्वतः ठरवत नाही, हा मदतनीस ठरवतो. आणि माणसाकडून काम करवून घेताना समोर आणखी एक विवेक उभा असतो. जुना कामगार म्हणतो, ‘ताई, हे नको, पस्तावाल.’ यंत्रही कधी सावध करतं, पण चुकलं तर त्याची झोप उडत नाही. भोगणारे आपण आणि ज्यांची हजेरी गेली ते.

‘आम्ही त्याला बजावून ठेवलंय की,’ असंही म्हणतात. जुलै २०२५ मध्ये जेसन लेमकिन या अमेरिकन उद्योजकानं हेच केलं होतं. रेप्लिट कंपनीच्या मदतनीसाला त्यानं विचारल्याशिवाय काहीही बदलू नकोस असं पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. तरीही त्यानं चालू डेटाबेस पुसला आणि वर, तो परत आणता येणार नाही असंही सांगितलं. प्रत्यक्षात तो परत आणता आला. त्यानंतर कंपनीनं प्रयोगाचा डेटाबेस आणि खरा डेटाबेस वेगळे ठेवायची व्यवस्था केली. बजावणं वेगळं आणि कुंपण घालणं वेगळं.

कुंपण म्हटल्यावर मला देशव्रत आठवतं. आज या गल्लीपलीकडे जाणार नाही, या बांधापलीकडे जाणार नाही, अशी ठरावीक काळापुरती मर्यादा. त्या व्रताच्या अतिचारांत एक आहे प्रेष्यप्रयोग: आपण मर्यादेच्या आत बसायचं आणि कामाला नोकर मात्र बाहेर पाठवायचा. व्रत मोडलं नाही असं मनाला समजावता येतं, पण दोष लागतोच. आपला नवा नोकर तर डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं कपाट धुंडाळून येतो. मर्यादा त्यालाही हवी.

ती घालणं अवघड नाही. त्याला एकच फोल्डर उघडून द्यावं, सगळा कॉम्प्युटर नव्हे. खऱ्या हिशेबाची प्रत काढावी आणि कामाला ती प्रत द्यावी. पासवर्ड, बँकेची माहिती त्याच्या हाती लागेल अशी ठेवू नये. कॉम्प्युटरच्या मालकाचे पूर्ण अधिकार देऊन त्याला चालवू नये. काम सुरू करण्याआधीची अवस्था जपून ठेवावी, म्हणजे मागं फिरता येतं. पुसण्याचा हुकूम दिसला तर थांबून वाचावा, कारण कमांड लाइनवरून पुसलेली फाईल सहसा कचरापेटीत जात नाही, थेट जाते. आणि बाहेरून आलेली फाईल त्याला वाचायला देताना लक्षात असू द्यावं, की तिच्यात कुणी लपवून लिहिलेली सूचनाही तो मालकाचा हुकूम समजून पाळू शकतो.

‘नीट लक्ष द्या’ एवढं सांगून भागत नाही. लक्ष दमतं. संध्याकाळी सहा वाजता, घरी कुकर लावायचा असताना, शंभरावा ‘हो’ कुणीही न वाचताच दाबते. व्रतं याच माणसासाठी सांगितली आहेत. मन कायम जागं राहत असतं तर मर्यादा घालायची गरजच नव्हती. प्रमाद होणार हे धरून आधीच कुंपण घातलं, तर प्रमाद झाला तरी हानी एका फोल्डरापुरती राहते.

मदतनीस वापरू नये असं मी म्हणत नाही. श्रावकाला उद्योग सोडायला कुणी सांगितलेलं नाही, जपून करायला सांगितलंय. फक्त त्या फायलींत कुणाचा ओव्हरटाइम आहे, कुणाची रजा आहे, कुणाच्या मुलाच्या फीचे पैसे त्या पगारातून जाणार आहेत, एवढं डोळ्यांपुढं असावं. ‘हो’ दाबणारं बोट आपलंच असतं.