निर्जळ व्रत आणि उदककुंभ

पाण्याविषयीच्या भारतीय धर्मविचारात परस्परविरुद्ध वाटणाऱ्या दोन धारणा शेजारी शेजारी नांदत आलेल्या आहेत. एकीकडे संध्येच्या आचमनापासून अंत्यसमयी मुखात घातल्या जाणाऱ्या गंगोदकापर्यंत माणसाचा एकही संस्कार पाण्यावाचून पुरा होत नाही. दुसरीकडे तेच पाणी दिवसभर ओठांना न लावणे हे कठोर तप मानले जाते, आणि ज्येष्ठ शुद्ध एकादशीला तर ‘निर्जला’ हे नावच त्या त्यागामुळे मिळाले आहे. जे प्राणाचा आधार आहे त्याचा त्याग पुण्यकारक कसा ठरतो, आणि कोणाच्या बाबतीत ठरतो, हा प्रश्न त्यामुळे आचारापुरता राहत नाही; शरीर, संकल्प आणि समाज यांचे नाते काय, इथपर्यंत तो पोहोचतो. जालना जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष धार येते, कारण ही एकादशी मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये येते, आणि त्याच दिवसांत मृगाच्या पावसाचा भरवसा नसतो, विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि दुष्काळी वर्षी गावोगाव टँकरची वाट पाहिली जात असते.

पाणी आणि प्राण यांच्या संबंधाचा मूलगामी विचार छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात आढळतो. तेथे उद्दालक आरुणी आपला पुत्र श्वेतकेतू याला सांगतो, की प्यालेल्या पाण्याचे शरीरात तीन भाग होतात. स्थूल भागाचे मूत्र, मध्यम भागाचे रक्त आणि अतिसूक्ष्म भागाचा प्राण बनतो, म्हणून मन जसे अन्नमय तसा प्राण जलमय आहे. हे नुसते ऐकून पटणारे नव्हते, म्हणून पित्याने पुत्राला पंधरा दिवस अन्न वर्ज्य करण्यास सांगितले, पाणी मात्र हवे तितके पिण्याची मोकळीक दिली. सोळाव्या दिवशी श्वेतकेतूला पाठ असलेले वेदही आठवेनात, पण तो जिवंत होता. अन्न घेतल्यावर त्याची स्मृती परतली. त्याच उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात पाण्याला प्राणाचे वस्त्र म्हटले आहे, आणि जेवणाच्या आरंभी व शेवटी पाण्याचा जो घोट घेतला जातो, ज्याला मराठीत ‘आपोशन’ म्हणतात, त्यामागे हीच कल्पना आहे.

उपनिषदाला शरीरशास्त्राचा ग्रंथ मानण्याचे कारण नाही. तरीही अन्नावाचून माणूस काही आठवडे तग धरू शकतो आणि पाण्यावाचून काही दिवसच, हे आधुनिक वैद्यकाचे निरीक्षण त्या परीक्षेच्या मर्माशी जुळते. प्रौढ माणसाच्या वजनात सुमारे ६० टक्के वाटा पाण्याचा असतो. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा पुन्हा रक्ताला परत करून साधारण दीड लिटर मूत्ररूपाने बाहेर टाकतात. रक्तातील क्षारांचे प्रमाण थोडेसे वाढले, तरी मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस, म्हणजे तहान, भूक आणि शरीराचे तापमान यांवर लक्ष ठेवणारा लहानसा भाग, तहानेची जाणीव उत्पन्न करतो, आणि पाणी राखून ठेवण्याचा निरोप संप्रेरकाच्या, म्हणजे रक्तावाटे फिरणाऱ्या द्रव्याच्या, द्वारे मूत्रपिंडांना पोहोचवतो. उन्हाळ्यात जालन्याचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो, आणि त्या उन्हात राबणाऱ्या शेतमजुराच्या अंगातून तासाला एक लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम जाऊ शकतो. त्याची भरपाई झाली नाही तर चक्कर, पेटके आणि शेवटी उष्माघात अशी ती उतरंड असते. वृद्धांमध्ये तहानेची जाणीवच मंदावते, त्यामुळे त्यांना पाण्याची आठवण दुसऱ्याने करून द्यावी लागते. पाणी पिण्यालाही मर्यादा आहे, कारण अतिरेकाने रक्तातील सोडियम पातळ होते आणि मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या काही विकारांत पाण्याचे प्रमाण वैद्यालाच ठरवावे लागते. पण तहान दाबून ठेवणे हे आरोग्य नव्हे, याविषयी प्राचीन वैद्यकही निःसंदिग्ध आहे. जे नैसर्गिक वेग अडवू नयेत असे तेरा वेग चरकसंहितेने सांगितले आहेत आणि तहान त्यांपैकी एक आहे.

धर्मपरंपरांनी हे भान ठेवलेले दिसते. ज्यांच्या सेवनाने व्रताचा भंग होत नाही अशा आठ गोष्टी महाभारताच्या उद्योगपर्वात सांगितल्या आहेत. मुळे, फळे, दूध आणि औषध त्यांत येतात, परंतु त्या यादीत पहिले नाव पाण्याचे आहे. जैन आचारात उपवासाचे ‘तिविहार’ आणि ‘चौविहार’ असे भेद आहेत. पहिल्यात उकळलेले पाणी चालते, दुसऱ्यात तेही वर्ज्य असते, म्हणजे साधकाने आपली शक्ती पाहून पायरी निवडावी अशी सोय तेथे आहे. बौद्ध भिक्षूच्या आठ आवश्यक वस्तूंत पाणी गाळण्याचे साधन आहे आणि दुपारनंतर अन्न न घेण्याचा त्याचा नियम साध्या पाण्याला लागू होत नाही. रोजा पाण्याशिवायच असतो, परंतु आजाऱ्याला आणि प्रवाशाला तो पुढे ढकलण्याची मुभा कुराणानेच दिली आहे. खुद्द निर्जला एकादशीच्या विधानात त्या दिवशीच्या त्यागाला पाण्याने भरलेल्या घटाच्या दानाची जोड आहे, आणि अक्षय्य तृतीयेच्या उदककुंभदानाशी तिचे नाते उघड आहे. स्वतः पाणी न पिणाऱ्याने दुसऱ्याला पाणी द्यावे, या जोडणीतच आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. तहान किती तीव्र असते हे व्रतकर्त्याने एक दिवस स्वेच्छेने अनुभवावे आणि त्या अनुभवातून दुसऱ्याच्या तहानेकडे वळावे, हा त्या व्रताचा अर्थ आहे. दानाचा अर्धा भाग गळून पडला की व्रत केवळ देहाला दिलेला त्रास उरते. यावरूनच स्वीकारलेली तहान आणि लादलेली तहान यांतला भेदही स्पष्ट होतो. घरातल्या हंड्यात पाणी असताना ते न पिणे हा संकल्प आहे. हंडा रिकामा असल्याने तहानलेले राहणे याला कोणतेही शास्त्र तप म्हणत नाही.

जालना जिल्ह्याच्या भूमीशी हा विचार जवळून निगडित आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे १६०८ सालचे जन्मस्थान. दासबोधाच्या सोळाव्या दशकातील चौथा समास त्यांनी पाण्याच्या निरूपणाला वाहिला आहे, आणि पाणी ज्याच्या संगतीत येते त्याचा गुण घेते, हा त्यातला एक प्रमुख विचार आहे. या भागातील भूजलाकडे पाहिले की हा विचार किती यथार्थ आहे ते कळते. जिल्ह्याचा पाया काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. त्यात पाणी फक्त भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात साठते, त्यामुळे कमी पावसाच्या वर्षी ते लवकर संपते आणि कूपनलिका खोल खोल जाऊ लागतात. खडकात दीर्घकाळ मुरलेल्या खोल पाण्यात क्षार आणि काही ठिकाणी फ्लोराइड अधिक असू शकते, तर उथळ विहिरीत खतांचे नायट्रेट आणि सांडपाण्यातील जंतू उतरू शकतात. म्हणून पिण्याच्या पाण्याचा विचार ते किती आहे एवढ्यावर थांबत नाही, ते कोणाच्या संगतीतून आले हेही पाहावे लागते.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा महाराष्ट्रातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. त्या काळात आणि त्यानंतर येथे जे काम झाले त्यात उदककुंभदानाचा आजचा अर्थ सापडतो. कुंडलिका नदीवरील, निजामाच्या राजवटीत बांधलेल्या आणि जालना शहराला पाणी पुरवणाऱ्या घाणेवाडी तलावातील गाळ काढण्यासाठी नागरिक एकत्र आले. कडवंची या गावाने तर त्याआधीच, गेल्या शतकाच्या अखेरीस, पाणलोट विकासाचे, म्हणजे पावसाचे पाणी माथ्यापासून पायथ्यापर्यंत अडवून जिरवण्याचे, काम करून दुष्काळाशी झुंजण्याची तयारी केली होती.

तहानेपुढे विधीचे स्थान कोणते, हे गोदावरीच्या काठी वेगळ्या रीतीने सांगितले गेले आहे. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी ही नदी वरच्या अंगाला पैठणजवळून येते, आणि रामेश्वराला वाहण्यासाठी कावडीतून आणलेले गंगाजल संत एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, हा त्यांच्या चरित्रातील प्रसंग मराठी माणसाच्या परिचयाचा आहे. पूजेचे पाणी प्राण्याच्या मुखात गेल्याने पूजा मोडली नाही, ती तेथेच पोहोचली, असा त्याचा अर्थ परंपरेने मानला. तथापि त्याच समाजाने शतकानुशतके माणसांना पाणवठ्यापासून दूर ठेवले, हेही तितकेच खरे आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाड येथील चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले, तेव्हा पाण्याच्या पावित्र्याची खरी कसोटी समाजापुढे उभी राहिली. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांच्या वापरात जातिधर्मावरून होणारा भेद निषिद्ध ठरवला. जे पाणी एखाद्याला नाकारले जाते ते कितीही मंत्रांनी पवित्र होत नाही, हा निष्कर्ष एकनाथांच्या कथेतून आणि महाडच्या सत्याग्रहातून सारखाच निघतो.

ज्येष्ठातील एकादशीला जो भाविक पाणी वर्ज्य करील, त्याने आपली प्रकृती त्या त्यागाला समर्थ आहे का हे आधी पाहावे, आणि नसेल तर महाभारताने दिलेली पाण्याची मुभा निःशंकपणे घ्यावी. आजारी, गर्भवती, वृद्ध आणि उन्हात राबणारे यांनी पाणी पिणे हाच त्यांचा त्या दिवशीचा धर्म आहे. मात्र दानाच्या अर्ध्या भागातून कोणालाच सूट नाही. रस्त्याकडेची पाणपोई, मोहरमची सबील, मजुरांसाठी झाडाच्या सावलीत भरून ठेवलेला माठ, तपासून घेतलेली गावविहीर आणि गाळ काढलेला तलाव ही सारी उदककुंभाचीच रूपे आहेत. आणि ज्या जिल्ह्यात घडा भरायलाही दूर जावे लागते, तेथे तो भरून दुसऱ्याच्या दारात ठेवणे यापरते त्या एकादशीचे पारणे नाही.