खरी आई कोण?

सज्जनहो, गेल्या कार्तिकीच्या सुमारास रत्नागिरीत एका घरी आमचे कीर्तन झाले. यजमानांची सात वर्षांची दत्तक लेक अगदी पुढे बसली होती. कीर्तन संपले, बुक्का लावून घेण्यास मंडळी पुढे आली. त्यांतल्या एका बाईने पोरीसमोरच तिच्या आईला विचारले, "तुझ्यावर नाही गो गेली! हिची खरी आई कोण?" माउली बिचारी गप्प राहिली. तिची बाजू सावरावी म्हणून आम्ही म्हणालो, "अनाथाला घर दिलेत, केवढे पुण्य केलेत!" पोरीने मान खाली घातली. रात्री आम्हास पोचवायला आलेले यजमान एवढेच बोलले, "बुवा, पुण्यासाठी नाही हो आणली. आम्हाला लेकरू हवं होतं."

त्या रात्री आम्हास झोप आली नाही. बाईच्या प्रश्नाने जी जखम केली, तीच आमच्या स्तुतीने केली. दोहोंचा अर्थ एकच: हे पोर या घरचे नव्हे. आणि आम्ही म्हणे शास्त्र शिकलेले!

शास्त्र काय सांगते? दत्तकविधान झाले की मूल त्या घरचे झाले. पूर्वी बहुधा मुलगाच दत्तक घेत; १९५६ च्या कायद्याने मुलीलाही तो मान दिला, आणि दत्तकाच्या दिवसापासून ते मूल सर्व बाबतींत त्याच आईबापांचे ठरवले.

आपल्याच जिल्ह्यातील लांजा तालुक्यातले कोट हे झाशीच्या नेवाळकरांचे मूळ गाव. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी आनंदराव नावाचा मुलगा दत्तक घेतला व त्याचे नाव दामोदर ठेवले. डलहौसीने तो वारस मानला नाही आणि १८५४ साली राज्य खालसा केले. त्याचा आपल्याला अजून राग येतो. पण 'हा खरा मुलगा का?' हा त्याचाच प्रश्न आपण लग्नाच्या पंगतीत सहज विचारतो, त्याचे काय?

आपण वारकरी तर ज्ञानोबांना माउली म्हणतो, विठोबाला विठाई म्हणतो. तिथे कूस कोण विचारतो? गंगाखेडची जनाबाई लहानपणी दामाशेटींच्या घरी आली आणि 'नामयाची जनी' झाली. देवकीचा मान राखूनही यशोदेला आपण आईच म्हणतो. आईपण मांडीवर रोज घडत असते, बरं का!

जन्माची कथा त्या लेकराची आहे. ती केव्हा नि किती सांगायची, हे त्याने आणि त्याच्या आईबापांनी ठरवावे. आपण ना चौकशी करावी, ना पुण्याचा हिशेब मांडावा.

परवा त्या घरी पुन्हा जाणे झाले. या खेपेस आम्ही एवढेच विचारले, "काय गं बाळ, टाळ वाजवतेस का?"

"हो," ती म्हणाली, "बाबांनी शिकवलाय."

रामकृष्णहरि.