मामाच्या नाकाजवळची खपली

उंब्रज,
आषाढ शुद्ध दशमी

चि. मुक्ता,

काल फोनवर तू मामाला म्हणालीस, "हा कॅन्सर पसरत नाही, घाबरू नकोस." तो घाबरला नव्हताच गं. उलट निर्धास्त झाला. "ऊस जाऊ दे, मग तपासणीचा तुकडा काढायला जाऊ," म्हणाला. आत्ता आषाढ, आपला ऊस जायचा माघात!

तू नर्सिंगला शिकतेस ते खोटं नाही. डॉक्टरांनी नाव घेतलेला हा बेसल सेल कार्सिनोमा जागेवरच वाढतो, दुसरीकडे जाण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. डब्लिनच्या आर्थर जेकबनी १८२७ साली त्याचं वर्णन केलं, आणि तो दुसरीकडे गेल्याची पहिली नोंद बीडल्सची, १८९४ ची. पण ज्यांच्या अंगात तो पसरला ते कोण, हे पाहिलंस का? बहुतेकांच्या डोक्या-मानेवरची जखम वर्षानुवर्षं अंगावर काढलेली, मोठी झालेली, काढूनही पुन्हा आलेली. तिथून तो मानेतल्या गाठींत, फुफ्फुसात, हाडांत उतरतो. आणि नाही पसरला तरी नाकाची कूर्चा खातो, डोळ्याच्या खोबणीपर्यंत जातो. कुरतडणारी जखम म्हणतात ती उगाच नव्हे.

मामाची जखम चार वर्षांची. आपल्या सावळ्या कातडीवर ती काळी दिसते, म्हणून तीळच समजलो. कड मात्र मोत्यासारखी चकचकीत, मध्ये खपली. दाढी करताना खपली निघते, रक्त येतं, चुना लावतो, पुन्हा धरते. त्याच्या उशीच्या अभ्र्यावरचा डाग मी दर आठवड्याला धुते.

मीही काही शहाणी नव्हते. परकराची नाडी करकचून बांधून कमरेवर पांढरा चट्टा पडला होता, सतत खाज. दोन वर्षं खोबरेल लावलं. टाटा रुग्णालयातल्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ सालीच धोतराच्या कमरेवरच्या कॅन्सरबद्दल लिहून ठेवलंय, आणि पुढे साडीच्या नाडीखालचेही रोगी मुंबईत सापडले. तो कॅन्सर वेगळा, स्क्वेमस. तो दुर्लक्ष केलं तर जांघेत अवधाण आणतो. माझा चट्टा नुसता चट्टाच निघाला. तेव्हापासून नाडी रुंद पट्ट्याची, आणि गाठ रोज जरा सरकवून.

मामाच्या जखमेचं कराडच्या डॉक्टरांनी भिंगातून पाहून नाव सांगितलंय, तुकड्याचा रिपोर्ट आला की पक्कं. आत्ता शेंगदाण्याएवढं आहे. कडेची थोडी चांगली कातडी घेऊन काढून टाकलं की बहुतेक वेळा काम तिथंच मिटतं.

सोमवारी सकाळच्या एस.टी.ने मी त्याला कराडला नेतेय. पुण्याहून तू थेट तिथंच ये. आणि 'पसरत नाही' हे दोन शब्द त्याच्यासमोर पुन्हा काढू नकोस.

तुझी,
आजी