पंधरा मिनिटांचं नाक

"दादा, पंधरा मिनिटांचं काम आहे. कापाकापी नाही, टाके नाहीत. करू का?"

लग्नाला दोन महिने राहिलेत आणि धाकट्या बहिणीला नाकाच्या दांडीवर फिलर भरून घ्यायचंय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. उत्तर द्यायच्या आधी रात्रभर वाचत बसलो.

गालावरून वर येणारी फेशियल आर्टरी नाकाच्या कडेला अँग्युलर आर्टरी होते आणि डोळ्याच्या ऑफ्थॅल्मिक आर्टरीच्या फांद्यांना जाऊन मिळते. म्हणजे नाक आणि डोळ्याचा पडदा एकाच नेटवर्कवर आहेत. सुई चुकून धमनीत शिरली आणि इंजेक्शनचा दाब रक्ताच्या दाबापेक्षा वाढला, तर जेल उलट्या दिशेने सरकतं. दाब सुटला की रक्तच त्याला पुढे ढकलतं, थेट पडद्याच्या धमनीपर्यंत. हायल्युरोनिक ॲसिडचं फिलर विरघळवणारं हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम आहे. त्वचेचा रक्तपुरवठा अडला तर ते वेळेत दिल्यास उपयोगी पडतं, पण गेलेली नजर त्याने क्वचितच परत येते. त्यात धमन्यांची वाट माणसागणिक वेगळी.

२०१५ च्या एका आढाव्यात फिलरमुळे नजरेवर परिणाम झाल्याच्या जगभरातल्या ९८ केसेस होत्या. फक्त ९८! ऑफिसात याला आम्ही 'एज केस' म्हणून सोडून दिलं असतं. पण ऑफिसात रोलबॅक असतो. शक्यता गर्दीची असते, परिणाम मात्र एकट्याचा.

हे सगळं तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय हे. फॉर्मवरही आहे. तू रोज हायवेवरून बाइकने जातोस, तेव्हा मी आकडे सांगते का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने धोका समजून घेतला होता, शरीर तिचं होतं. मग मला नक्की काय टोचत होतं?

तिला 'नकटी' म्हणून हाक मारायला सुरुवात मीच केली होती. एखादं स्थळ फिसकटलं की 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं' असं म्हणून हसायचोही मीच. संमतीच्या फॉर्मवर धोका कळला का, हे विचारतात. ही इच्छा आली कुठून, याचा रकाना तिथे नसतो.

पण 'ही इच्छा तुझी नाही, मी रुजवलेली आहे' असं म्हणणं म्हणजे तिचा निर्णयही तिच्याकडून काढून घेणं. इच्छा कुठून तरी येतातच. माझं इंजिनिअरिंग तरी कुठे माझ्या एकट्याच्या डोक्यातून आलं? तिला नाही म्हणायचा हक्क मला नाही. माझ्या वाट्याची चूक कबूल करणं तेवढं माझ्या हातात आहे. इतके दिवस ते टाळलं होतं, आणि आता धमन्यांच्या आड लपत होतो.

"नाकाचं तू ठरव," मी म्हणालो. "पण नकटी म्हणायचो, ते चुकलं माझं."

बराच वेळ फोनवर शांतता. मग, "आता सांगतोयस?"

अपॉइंटमेंट शनिवारी आहे. मी तिला तीन प्रश्न पाठवलेत: हायल्युरोनिडेज जवळ ठेवलंय का, बोथट टोकाची कॅन्युला वापरणार का, आणि डोळ्यापुढे अंधार आला तर पुढच्या काही मिनिटांत कोण काय करणार. ती जाईल की नाही, ठाऊक नाही. गेली तर सोबत मी असेन.