चामड्याची पारख

लालबर्रा येथील बाजारात चामड्याची पिशवी घेताना आपण तिची कापलेली कड पाहतो. तंतू दिसले तर चामडे, कापड दिसले तर रेक्झिन. अस्सल पृष्ठावरील रंध्रे एकसारखी नसतात. तशी असल्यास ती छापलेली समजावीत. आपल्याही वनांत होणारा हिरडा आणि बाभळीची साल यांनी चामडे कमावण्यास कित्येक दिवस लागतात. कोल्हापुरी वहाणेचे चामडे असेच.

इतक्या पारखीने घेतलेली पिशवी आपण देवळाबाहेर ठेवतो, आणि आत भजन करतो ते बकऱ्याच्या कातड्याने मढविलेल्या मृदंगाच्या साथीने! एक कातडे बाहेर, एक आत. हा भेद शुद्धतेचा म्हणावा की सोयीचा? अस्पृश्य म्हणून कोणास देवळाच्या दारी अडविणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरले. परंतु मृदंग मढविणाऱ्यास आपण भजनाच्या बैठकीस आग्रहाने बोलाविल्याचे मला तरी आठवत नाही.