आज्ञा आणि अधिकार : संत बहिणाबाई व मेरी ॲस्टेल

मावळ तालुक्यातील सुदुंबरे येथे संताजी जगनाडे यांची समाधी आहे. व्यवसायाने तेली असलेल्या आणि तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत गणल्या जाणाऱ्या संताजींनी गुरूचे अभंग वह्यांत उतरवून ठेवले, आणि त्यांच्या नावाने चालत आलेल्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ छापला. शूद्र मानल्या गेलेल्या गुरूचे शब्द टिकवण्याचे काम तुकोबांच्या परिवारात असे एका तेल्याने केले, तर त्याच गुरूचे शिष्यत्व पत्करलेल्या एका ब्राह्मण स्त्रीने आपले स्वतःचे शब्द मागे ठेवले. ती स्त्री म्हणजे संत बहिणाबाई (१६२८-१७००). खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्याशी नामसाम्यामुळे त्यांची गल्लत होते. परंतु दोघींच्या जन्मांत अडीचशे वर्षांचे अंतर आहे.

वेरूळजवळच्या देवगावी जन्मलेल्या बहिणाबाईंचा विवाह अजाण वयातच शिऊरच्या गंगाधर पाठक या वयाने पुष्कळ मोठ्या बिजवराशी झाला. पुढे कोल्हापूरच्या मुक्कामी जयराम गोसाव्यांच्या कीर्तनांतून तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी पडले, त्यांना तुकोबांचा स्वप्नानुग्रह, म्हणजे स्वप्नात मिळालेला गुरुमंत्र, झाला आणि ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे याचा संताप येऊन पतीने त्यांना मारहाण केली. हा सारा वृत्तान्त त्यांनीच आत्मचरित्रपर अभंगांत सांगितला आहे. त्या अभंगांमागे एक बिकट धर्मप्रश्न उभा आहे. ‘अधिकार’ या शब्दाचा शास्त्रातील अर्थ एखादे ज्ञान किंवा कर्म स्वीकारण्याची मान्य पात्रता असा होतो. जे शास्त्र स्त्रीला वेदाचा अधिकार नाकारते आणि पती हेच तिचे दैवत ठरवते, त्याच शास्त्राच्या कक्षेत राहून स्त्रीने मोक्षाचा अधिकार कोठून आणायचा?

हाच प्रश्न वेगळ्या भाषेत त्याच शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये मेरी ॲस्टेल (१६६६-१७३१) हिने विचारला. १६९४ मध्ये निघालेल्या आपल्या पहिल्या पुस्तकात तिने स्त्रियांसाठी अध्ययन आणि उपासना यांचा एकांतवास, म्हणजे व्रतांचे बंधन नसलेला एक प्रकारचा मठ, स्थापावा अशी सूचना केली. विवाहावरील तिचे चिंतन १७०० मध्ये व ख्रिस्ती धर्मावरील मोठा ग्रंथ १७०५ मध्ये आला, आणि ही पुस्तके तिच्या नावाविना छापली गेली. तिचा युक्तिवाद असा की, ईश्वराने स्त्रीला विवेकबुद्धी दिली आहे, म्हणून ती बुद्धी न वापरणे हाच ईश्वराचा अवमान होय. तरीही ती बंडखोर नव्हती. चर्च आणि राजसत्ता यांची ती कट्टर समर्थक होती आणि एकदा विवाह केल्यावर पत्नीने पतीची सत्ता मानावी, हे तिला मान्य होते. ज्या स्त्रीला हे मान्य नसेल तिने विवाहच करू नये, असे ती सांगते, आणि ती स्वतः अविवाहित राहिली.

ॲस्टेलचा हा मार्ग तर्काला स्वच्छ आहे, पण तो विवाहाच्या उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या स्त्रीसाठी आहे. बहिणाबाईंना तो उंबरठा कळण्यापूर्वीच ओलांडावा लागला होता. म्हणून त्यांना उत्तर घराच्या आतच शोधावे लागले. पती आपल्याला सोडून निघाला आहे हे कळल्यावर, दगडाच्या विठ्ठलासाठी आणि स्वप्नात भेटलेल्या गुरूसाठी जवळचा पती का गमवावा, असा प्रश्न त्यांच्या मनाने त्यांना घातला आणि तो त्यांनी लपवला नाही. पतिसेवा हाच आपला परमार्थ, असा निर्धार त्या प्रसंगीच्या अभंगांत आहे. आधुनिक वाचकाला येथे शरणागती दिसते, आणि ती नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु त्या निर्धारातही नामस्मरण सुटले नाही. पुढे आजारपणाने खचलेल्या पतीचेच मन पालटले, कुटुंब देहूला आले, आणि तेथे तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजीने कितीही छळले तरी त्यांनी गुरू बदलला नाही. पतीची आज्ञा देहापुरती मानायची आणि गुरूची निवड मात्र कोणाच्याही हाती द्यायची नाही, अशी ही विभागणी आहे.

या विभागणीचा तात्त्विक पाया त्यांच्या वज्रसूचीवरील अभंगांत सापडतो. ‘वज्रसूची’ म्हणजे वज्राची सुई. जातीच्या अभिमानाला छेदणारा हा संस्कृत विचार उपनिषदाच्या रूपाने आणि अश्वघोषाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ग्रंथातूनही आढळतो. ब्राह्मण कोणाला म्हणावे, असा त्यातील प्रश्न आहे. जीवाला म्हणावे तर तो सर्व देहांत सारखाच, देहाला म्हणावे तर तो पंचमहाभूतांचाच, जन्माला म्हणावे तर अनेक ऋषींचे जन्म ब्राह्मणकुळात झालेले नाहीत, आणि ज्ञान, कर्म किंवा दानधर्म म्हणावा तर ते इतरांतही आढळतात. अशा एकेक पर्यायाचा निरास करीत शेवटी आत्मतत्त्व ज्याने प्रत्यक्ष जाणले तोच ब्राह्मण, असा निष्कर्ष येतो. हा विचार एका ब्राह्मण स्त्रीने मराठीत मांडावा, यातच त्याचे धैर्य आहे, कारण तो सिद्ध झाला की शूद्र गुरू केल्याचा आरोप मुळातच उरत नाही.

मात्र देहाने ब्राह्मणत्व ठरत नसेल तर देहाने स्त्रीचा अनधिकार तरी कसा ठरेल, हे पुढचे पाऊल या तर्कात गर्भित असूनही बहिणाबाईंनी उघडपणे टाकलेले नाही. स्त्रीदेहामुळे वेद कानी पडत नाहीत ही त्यांची वेदना अभंगांत स्पष्ट आहे. तर्क आणि वेदना मात्र शेजारी शेजारी राहिल्या, एकमेकींना भिडल्या नाहीत. ॲस्टेलचेही असेच झाले. सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र असतील तर स्त्रिया जन्मतः दास कशा, हा तिचा १७०६ मधील प्रश्न तीक्ष्ण होता, पण त्यातून कायदा बदलण्याची मागणी तिने केली नाही.

ॲस्टेलची पुस्तके तिच्या हयातीतच लंडनमध्ये छापली गेली आणि त्यांना उत्तरे लिहिली गेली. डॅमरिस मॅशमसारख्या स्त्रीनेही ईश्वरप्रेमाच्या प्रश्नावर १६९६ मध्ये तिच्या मताच्या विरोधात पुस्तक काढले. बहिणाबाईंचा गाथा मात्र विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उमरखाने यांनी छापला आणि १९२९ मध्ये जस्टिन ॲबट यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यानंतरही तो पुष्कळदा तुकोबांविषयीची समकालीन साक्ष म्हणूनच वाचला गेला. ती साक्ष मोलाची आहे. तथापि पतिव्रताधर्माचे अभंग आणि वज्रसूचीचे अभंग एकाच बैठकीत वाचून, त्यांतील विरोध झाकून न टाकता, मराठी वाचकांनी बहिणाबाईंना धर्मचिंतक म्हणून वाचावे.